गप्प बसायचं स्टूल

स्टूल न्यायला रिक्षा करावी लागेल असं वाटलं नव्हतं. माझ्या आठवणीत ते बुटकं होतं, काखेत मारून जिना उतरता येईल एवढं. प्रत्यक्षात चांगलं मांडीइतकं उंच निघालं, शिसवी, जड, बसायच्या फळीला मधोमध चीर. चीर मात्र ओळखीची. तिच्यात मी एका रविवारी अंगठ्याचं नख असं दाबून धरलेलं की पुढं आठ दिवस ते काळंनिळं होतं.

"आणि हा तांब्या," मुल्लाणीचाचांची लेक रेश्मा म्हणाली. "माडी मोकळी कराल तेव्हा ह्या दोन वस्तू तिला द्या, असं अब्बांनी चार वेळा बजावलेलं."

"कागदात गुंडाळून दे."

"अगं धर की हातात. चावतोय काय?"

"कागदात दे, रेश्मा."

तिनं एकदा बघितलं आणि जुन्या कॅलेंडरचं पान फाडून तांब्या गुंडाळला. का, ते विचारलं नाही. त्या माडीवर वाढलेली बाई ती. तिला विचारायची सवयच नव्हती.

लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळात खाली मुल्लाणीचाचांचा छापखाना होता आणि वर ही माडी. आता खाली मोबाईलची कव्हरं विकतात. जिना तोच, पायऱ्या त्याच, पण वास गेला. शेजारच्या वखारीत मिरचीची पोती असायची. तिसऱ्या पायरीवर पहिली शिंक यायची. मग शाईचा वास, मग छपाईचे खिळे धुवायच्या रॉकेलचा, आणि अगदी वर पोचलं की चाचांच्या जोडीनं शिकवणाऱ्या विमलताईंच्या आल्याच्या चहाचा. मी पहिल्यांदा तो जिना चढले तेव्हा मधल्या पायरीवर थांबून दोनदा परत फिरले होते. रॉकेलच्या वासापर्यंत जायचं आणि उतरायचं. तिसऱ्या खेपेला वरून आवाज आला, "शिंका मोजतोय आम्ही. ये आता वर."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरात खेळ लिहायला शिकत होते, असं सांगितलं की लोक विचारतात, कुठला, कबड्डी का? म्हणून नीट सांगते. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात. एकजण सांग्या. तो सांगतो, तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर असं असं आहे. बाकीचे गडी. प्रत्येकानं कुणीतरी एक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलून दाखवायचं. जमेल का नाही अशी शंका आली की फोडलेले पाच चिंचोके टेबलावर टाकायचे. आतली पांढरी बाजू तीनदा किंवा जास्त पडली तर जमलं. नाहीतर फसलं, आणि कसं फसलं ते सांग्यानं सांगायचं. कुणी जिंकत नाही. सोंगट्या लागत नाहीत, पट लागत नाही. लागते एक सोळा पानांची वही, जिच्यात तो खेळ लिहिलेला असतो. ती वही लिहायची कशी, हे मी शिकत होते.

परदेशात ह्याच्या मोठ्या पेट्या मिळतात. तशी एक चाचांच्या बोटीवरच्या मेव्हण्यानं फार पूर्वी आणून दिलेली. चाचा आणि विमलताई दोन वर्षं डिक्शनरी घेऊन ती वाचत बसले. आत सगळे राक्षस आणि तलवारी. "राक्षस कशाला पायजेत," चाचा म्हणायचे, "आपल्याकडं माणसं काय कमी हाईत?" म्हणून मग त्यांनी स्वतःच खेळ लिहिले. मी गेले तोवर अकरा झाले होते. विहिरीचा, नावेचा, उरसाच्या गर्दीत हरवलेल्या म्हातारीचा. चाचा छापायचे, विमलताई पत्ते लिहायच्या, आणि महाराष्ट्रभर कुठंकुठं ते पोस्टानं जायचे.

त्यातला एक आमच्या गडमुडशिंगीत विहाराच्या वाचनालयात कसा आला कुणास ठाऊक. पाठीमागं छापलेलं होतं, 'खेळ लिहायला शिकायचं असेल तर रविवारी सकाळी या. भीती वाटत असेल तर लवकर या.' मी बसनं साडेसातलाच पोचले.

भीतीचं सांगायचं तर, ती माझ्याजवळ कायम असायची. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी मीच पहिल्यांदा चढले. पुढं डिग्रीचा कागद घेऊन आले तेव्हा आईनं तो पीठ लागू नये म्हणून हात धुऊन घेतला. ह्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. पण तेव्हा पहिल्या वर्षाला होते आणि प्रत्येक वर्गात वाटायचं, आता कुणीतरी उभं करील आणि म्हणेल, तू चुकून आत आलीस. त्या भीतीवर मी एक उपाय शोधला होता. अवघड शब्द. जितका शब्द अवघड तितकी मी आत, असा माझा हिशेब. माझ्या वह्यांत 'अविरत' आणि 'कोलाहल' आणि 'अंतर्मुख' असे शब्द पाहुण्यांच्या बुटांसारखे दारात ओळीनं मांडलेले असायचे.

पहिल्या दिवशी मला विहिरीच्या खेळात गडी म्हणून बसवलं. विमलताई सांग्या. त्या टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडायच्या, तीस वर्षं. आवाज असा की कानाशी बोलतायत असं वाटावं. "तू दोराला धरून खाली उतरतेयस," त्या म्हणाल्या. "वर बघितलंस तर आभाळ ताटाएवढं. खाली पाणी वाजतंय. आणि तुझ्या हाताशी भिंतीत एक खोबण हाय." एवढंच. बाहेर सकाळचे नऊ वाजलेले, खिडकीतून ऊन टेबलावर. माझ्या पाठीला घाम फुटला. खोबणीत काय आहे ते त्यांनी सांगितलंच नाही आणि मी हात घालायला तयार होईना. चिंचोके मुठीत ओले झाले.

तेवढ्यात माझ्या शेजारच्या एका बाईंनी हात पुढं केला आणि टेबलाच्या मधोमध पाणी भरून ठेवलेल्या तांब्यावर ठेवला.

विमलताई लगेच थांबल्या. "बरं," म्हणाल्या. "वर आलो सगळे. ऊन पडलंय." आणि चहा ओतायला लागल्या. त्या बाईंना कुणी काही विचारलं नाही. त्यांनी चहा प्याला, नाक पुसलं आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "चला, पुढं."

त्या माडीवरचा हा सगळ्यात जुना रिवाज. खेळताना कुणालाही, कशानंही सोसेना झालं तर तांब्यावर हात. तिथून गोष्ट वळवायची. का, हे विचारायचं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

दोघांची शिकवायची तऱ्हा वेगळी. विमलताई भिंतीकडं तोंड करून बसायच्या. मी जागेचं वर्णन वाचायचं आणि त्यांनी आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. "मला एक बाई दिसतीय, भाषण करणारी," असं त्या पहिले दोन महिने म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, तीन गोष्टी दे. एक कानाला, एक नाकाला, आणि एक हाताशी. हाताशी काही नसलं तर गडी करणार काय, तुझं भाषण ऐकणार?

चाचा वाचायचेच नाहीत. माझं वाक्य माझ्याच हातानं खिळ्यात जुळवायला लावायचे. डाव्या हातात लोखंडी पट्टी, समोर घरांची मोठी पेटी, आणि एक-एक अक्षर चिमटीनं उचलून उलट्या तोंडानं लावायचं. 'अविरत'ला काही वाटलं नाही. पण मग त्याच्यामागून 'कर्णकर्कश' आणि त्याच्यामागून 'काळजाचा ठाव घेणाऱ्या' आलं आणि बोटं भरून आली.

"दुखतंय?" चाचांनी विचारलं.

"व्हय."

"वाचणाऱ्याला बी दुखतंय. त्यो बोलत न्हाय एवढंच."

तरी मी शब्द काढले नाहीत. ते गेले तर माझ्याजवळ काय उरतं, असं वाटायचं.

दोन वर्षांनी मी माझा खेळ लिहिला. नाव 'धोटा', मागात सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो. इचलकरंजीची एक यंत्रमागाची शेड. गडी म्हणजे तिथले कामगार. माग चालू असले की कानठळ्या बसतात, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून लाईट असेपर्यंत खेळात कुणी बोलायचं नाही, फक्त हातवारे. लाईट गेली की माग थांबतात आणि बोलायचं. आणि बोलायचं म्हणजे आधी हजेरी. सांग्यानं एकेकाचं नाव घ्यायचं आणि ज्यानं त्यानं 'ओ' म्हणायचं. मग चिंचोके टाकायचे. पांढरे कमी पडले तर एक आवाज परत येत नाही. शेडमध्ये कुणीतरी ओ देत नाहीये. कोण, आणि का, इथून खरा खेळ सुरू.

विमलताई भिंतीकडून वळल्या. त्यांच्या हातावर काटा आलेला दिसत होता. "हे कुठनं आणलंस?" त्यांनी विचारलं.

"असंच. सुचलं," मी म्हणाले.

खोटं होतं. ते मी घरातून उचललं होतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, इचलकरंजीत माग चालवायचे. आठवडाभर तिकडं, सुट्टीला गडमुडशिंगीत. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, ती मी जन्मल्यापासूनच नव्हती. आणि आमच्याकडं लाईट गेली की आप्पा जिथं असतील तिथून हाका मारायचे. आईला, मला, धाकट्याला. ठरलेल्या क्रमानं. प्रत्येकानं ओ द्यायची. धाकटा चेष्टेनं गप्प बसला एकदा, तर आप्पांनी त्याला शोधून काढून असा पोटाशी धरला की तो रडायला लागला. सगळ्यांची ओ आल्याशिवाय ते खाली बसायचे नाहीत. घासलेटच्या चिमणीचा वास, आईची बांगडी कुठंतरी आपटल्याचा आवाज, आणि त्यांची ती हाक. कधीतरी, कुठल्यातरी शेडमध्ये, कुणीतरी ओ दिली नसणार, एवढं मला कळत होतं. कोण, ते घरात कुणी बोललं नाही आणि मी कधी विचारलं नाही. विचारलं नाही, पण लिहून काढलं, आणि त्याच्यावर माझं नाव टाकलं.

चाचा म्हणाले, "छापतो. बारावा खेळ तुझा. पण आधी स्टुलावर बसायचं."

स्टुलाचा नियम सगळ्यांना एकच. ज्यांनी हा खेळ आधी कधी बघितलेला नाही अशी माणसं बोलवायची आणि फक्त वही त्यांच्यापुढं ठेवायची. लिहिणाऱ्यानं दाराजवळच्या स्टुलावर बसायचं आणि खेळ संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. माणसं चुकली तरी नाही. खोकला आला तर जिन्यात जायचं. "पोस्टानं गेलेल्या वहीबरोबर तू काय पाकिटात बसून जाणार हाईस?" चाचा म्हणायचे. "जे लिवलंस तेवढंच पोचतंय."

आणि त्यांची दुसरी अट. खेळ ज्या कामाचा, त्या कामातली दोन तरी माणसं टेबलाला पाहिजेत. त्यातलं एक सांग्या. "मागवाला आण. न्हायतर छपाई न्हाय."

त्या आठवड्यात मी जेवले की नाही ते आठवत नाही. घरी मी रविवारचा क्लास असतो असंच सांगत आले होते. आता आप्पांना न्यायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं पडणं. आपल्या घरातलं काय मी उचललंय ते आप्पांना कळणार. आणि आप्पा चौथी शिकलेले, ते शहरातल्या माणसांसमोर माझी वही मोठ्यानं वाचणार. ह्यातली कुठली भीती मोठी होती ते तेव्हा मला ठरवता येत नव्हतं. आता येतं. आणि लाज वाटते.

"कसला खेळ?" आप्पांनी विचारलं.

"बसून खेळायचा. मी लिहिलाय."

"आणि क्लास?"

"ह्योच क्लास."

ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "शिवाप्पाला आणतो. त्याला बी सुट्टी हाय."

रविवारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. शिवाप्पा त्यांच्याच शेडचा, सीमेकडचा, शिंकून शिंकून लाल झालेला. "ह्या पोरीनं काय मिरच्या कांडायला बोलावलंय काय, अण्णा," असं आप्पांना म्हणतच जिना चढला. तिसरी रेश्मा, तेव्हा कॉलेजात जाणारी. विमलताई तांब्या भरून टेबलावर ठेवून कोपऱ्यात बसल्या. चाचा माझ्यासमोर भिंतीला टेकून उभे. मी स्टुलावर. खाली छापखान्यात कुणाच्यातरी लग्नाच्या पत्रिका चालू होत्या, पायानं चालवायच्या मशीनचा खटक-खटक आवाज फरशीतून वर येत होता.

सांग्या आप्पाच. त्यांनी वही लांब धरली. खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला. आणि वाचायला लागले.

"यं-त्र-मागांच्या अ... अवि..."

थांबले. पुन्हा पहिल्यापासून. "यंत्रमागांच्या अवि-रत, क... कर्ण..."

माझे कान तापले. रेश्मा टेबलाकडं बघत होती. आप्पांच्या मानेवर घामाची रेघ उतरली. माझं पहिलं वाक्य सात ओळींचं होतं. माझ्या बापाला त्या सात ओळी पार करताना मी त्या स्टुलावरून बघत होते आणि तोंड उघडायचं नव्हतं. नख चिरेत गेलं ते तेव्हा.

"अण्णा," शिवाप्पा म्हणाला, "ही कुठली शेड? आपली न्हवं."

"गप की," आप्पा म्हणाले. "लेक शिकलेली हाय. आसल काय तर."

त्यांनी ते वाक्य संपवलं. मग दुसरं. तिसऱ्याच्या मध्येच वही टेबलावर पालथी ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "हिथनं माग सुरू." आणि हात वर केले.

त्यानंतरचं मी शब्दांत कितीदा धरायचा प्रयत्न केलाय. आप्पा हातांनी बोलायला लागले. चिमूट ओढून तोडली, म्हणजे धागा तुटला. कपाळावर दोन बोटं, म्हणजे जॉबर, मागांवरचा मुकादम, येतोय. शिवाप्पानं लगेच मागाची कळ ओढली, पाठ वळवली, काम करतोय असं दाखवलं. रेश्माला काही कळेना, तर दोघांनी मिळून तिला धोट्यातली सुताची कांडी बदलायला शिकवली, एक शब्द न बोलता, आणि ती चुकली की शिवाप्पा कपाळावर हात मारून घ्यायचा. ती हसून हसून वाकली, पण आवाज न करता. आप्पांना मी असं कधी बघितलं नव्हतं. तीन बोटांचा तो डावा हात हवेत सरसर फिरत होता, आणि त्याला काही कमी आहे असं वाटत नव्हतं. खालची मशीन मागासारखी वाजत होती. मला सुताचा आणि तेलाचा वास आला, आप्पांच्या कपड्यांना यायचा तसा. क्षणभर भीती गेली. खरंच गेली.

मग आप्पांनी वही उचलली, पान उलटलं आणि वाचलं.

"लाईट गेली. आता बोला."

एका दमात. न अडखळता. सबंध वहीत तेवढंच माझ्या बोटांनी नीट जुळवलेलं वाक्य होतं.

त्यांनी पुढची ओळ वाचली. हजेरीची. ती मनातल्या मनात वाचताना त्यांचे ओठ हलत होते, मग थांबले. त्यांना कळलं. वर बघितलं नाही. नुसतं कळलं ते मला स्टुलावरून दिसलं.

"रेश्मा," आप्पांनी हाक मारली.

"ओ."

"शिवाप्पा."

शिवाप्पा टेबलावरच्या चिंचोक्यांकडं बघत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ओ."

रेश्मानं चिंचोके टाकले. एकच पांढरा.

आप्पांनी पान उलटलं. ते शेवटचं होतं. पुन्हा मागं आले. पुन्हा पुढं. ते काय शोधतायत ते मला तेव्हा समजलं. लाईट परत कशी येते, ते मी लिहिलंच नव्हतं. लाईट जाते कधी, माणसं बोलतात कशी, ओ कुणाची येत नाही, सगळं लिहिलं. आमच्या घरी लाईट आपली आपण यायची. त्यासाठी नियम लागतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आप्पांना मी अंधारात नेलं आणि बाहेरची वाट वहीत नव्हती.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चाचांनीही. एक शब्द पुरला असता. चाचांनी बोट ओठांवर ठेवलं.

"बास करूया, अण्णा," शिवाप्पा हळू म्हणाला.

"थांब. लाईट येऊ दे की."

खालच्या पत्रिका संपल्या असतील. मशीन थांबली. इतकी शांतता त्या माडीवर कधी नव्हती, वखारीतला हमाल पोतं टाकून श्वास सोडतो ते ऐकू आलं. सकाळचं ऊन आप्पांच्या चष्म्यावर होतं. आणि आप्पांनी आणखी एक नाव घेतलं. त्या खोलीत त्या नावाचं कुणी नव्हतं. माझ्या वहीतही नव्हतं.

"सदा?"

एकदाच. शेवटी जरासा प्रश्न. आणि मान थोडी कलती, ऐकायला.

शिवाप्पानं डोळे मिटले.

मग आप्पांनी डावा हात लांब केला. तांब्याचा नियम त्यांना कुणी सांगितलेला नव्हता. माझ्या वहीत तोही राहिला होता. कदाचित त्यांना फक्त पाणी हवं असेल. तीन बोटं तांब्याच्या गळ्यावर टेकली आणि तिथंच राहिली.

"बरं," कोपऱ्यातून विमलताईंचा आवाज आला, अगदी कानाशी. "लाईट आली." आणि त्या चहा ओतायला लागल्या.

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीकडं बसले. उचगाव गेल्यावर एवढंच म्हणाले, "त्यो पयला शब्द काय हुता?"

"अविरत."

"म्हंजे?"

"न थांबता."

"मंग तसं लिव की."

मी तसं लिहिलं. सगळी वही नव्यानं लिहिली. प्रत्येक वाक्य आधी मोठ्यानं म्हणून बघायचं, आणि आप्पांच्या एका दमात बसेल एवढंच ठेवायचं. अंगण झाडल्यासारखी वही हलकी झाली. शेवटच्या पानावर राहिलेला नियम घातला: 'कुणीतरी तांब्यावर हात ठेवला की लाईट येते. का ठेवला, ते विचारायचं नाही.' चाचांनी ते माझ्याकडूनच जुळवून घेतलं. बारावा खेळ छापला, माझ्या नावानं. आईनं ती वही डिग्रीच्या कागदाआधीच ट्रंकेत ठेवलेली.

त्यानंतर मी अजून सहा खेळ लिहिले. चाचा गेले, विमलताई गेल्या, खिळे भंगारात गेले. ते सगळं व्हायचंच असतं. मला सांगायचंय ते दुसरं.

आप्पांनी काम सोडल्यावर, भारनियमनाच्या वर्षांतली एक दुपार. मी माहेरी आले होते. आई विहाराकडं गेलेली, धाकटा कामावर. घरात आम्ही दोघंच. पंखा थांबला आणि आप्पांनी सवयीनं हाक मारली. मी ओ दिली. ते बाजेवर बसले. आमच्यामध्ये पाण्याचा तांब्या होता, वर फुलपात्र पालथं. बाहेर कुठंतरी कुणी उडीद पाखडत होतं.

आप्पा म्हणाले, "सदा माज्यापेक्षा दोन वर्सांनी ल्हान. त्या दिशी पाळी त्याची नव्हतीच..."

इतकी वर्षं न विचारलेलं ते समोर येत होतं. आणि मी घाबरले. विहिरीच्या खोबणीत हात घालायला घाबरले होते तशी, तीच मी, पदवीधर, दोन लेकरांची आई. फुलपात्र खाली पडल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं की माझा हात तांब्यावर गेलाय.

आप्पांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग तोंडाकडं.

"बरं," म्हणाले. "लाईट आली."

आली नव्हती. पंखा तसाच उभा होता. आप्पांनी फुलपात्र उचललं, धोतरानं पुसलं आणि उठून दारात जाऊन बसले. का, ते त्यांनी विचारलं नाही. नियम माझाच होता. पुन्हा ते कधी त्या विषयावर आले नाहीत, आणि आता येणार नाहीत. ह्या पावसाळ्यात त्यांना जाऊन तीन वर्षं होतील. शिवाप्पा त्यांच्याही आधी गेला.

स्टूल मी पुढच्या खोलीत ठेवलंय. काल दिवेलागणीला आमच्या गल्लीतली लाईट गेली. मुलं बाहेरगावी, हे ऑफिसात. मी चाचपडत जाऊन स्टुलावर बसले. चीर बोटाला लागली. मेणबत्ती कुठं आहे ते माहीत होतं, पण उठले नाही.

मग ठरलेल्या क्रमानं हाका मारल्या. आईला. धाकट्याला. आप्पांना. आणि प्रत्येक नावानंतर, तेवढाच वेळ थांबले, ओ यायला लागतो तेवढा.

शेवटी मी म्हणाले, "सदा?"

तांब्या हाताशी होता. कागदातून काढला नाही.